सातच्या बातम्या खऱ्या, पण पुऱ्या का?

वाचकांचं पत्र (थोडक्यात): मी ऐरोलीत राहते, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झाले. आमच्या विरंगुळा केंद्रात एकच टीव्ही आहे. संध्याकाळी सातला सह्याद्री वाहिनीच्या बातम्या लागतात आणि त्यावरून हल्ली रोज वाद होतो. माझे दीर म्हणतात, दूरदर्शन कधी खोटं सांगत नाही, बाकीचे नुसता आरडाओरडा करतात. माझी नात ठाण्याला पत्रकारिता शिकते. ती म्हणते, "आजी, ते सरकारचं प्रसिद्धिपत्रक आहे, तू ते बातम्या समजून ऐकतेस." पूर्वीसारखं राहिलं नाही असं मलाही वाटतं. पण हे खरंच बदललंय की माझाच समज आहे? तपासायचं कसं? केंद्रात लावायचं काय? आणि तक्रार केली तर कोणी ऐकतं का?
— निवृत्त शिक्षिका, ऐरोली

नमस्कार बाई,

तुमचे दीर आणि तुमची नात दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत, म्हणून वाद मिटत नाही. दीर पाहतात ते, सांगितलेलं खरं आहे का. नात पाहते ते, काय सांगितलंच नाही. सह्याद्रीच्या किंवा आकाशवाणीच्या बातमीपत्रात आलेला आकडा, तारीख, आदेशाचा मजकूर बहुतेक वेळा बरोबर असतो. दीरांचा विश्वास तिथून येतो आणि तो वाया गेलेला नाही. मात्र पंधरा मिनिटांच्या बातमीपत्रात जेमतेम बारा-पंधराशे शब्द मावतात. बाकी सगळं वगळावंच लागतं. वगळणं हा दोष नाही. वगळलेलं रोज एकाच बाजूचं असेल तर तो कल आहे, आणि तो ऐकून कळत नाही, मोजूनच कळतो.

आधी "पूर्वीसारखं राहिलं नाही" याबद्दल. प्रदीप भिडे बातम्या वाचायचे तेव्हाचा तो संथ, स्वच्छ आवाज आठवणारी पिढी तो आवाज म्हणजेच निःपक्षपातीपणा असं धरून चालते. सूर आणि निवड या वेगळ्या गोष्टी आहेत. शांत सुरातही एकच बाजू सांगता येते. शिवाय मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, तेव्हापासून पुढची जवळपास दोन दशकं घरात दूरदर्शनखेरीज दुसरं काही नव्हतं. ताडून पाहायला काही नव्हतं. आणीबाणीत आकाशवाणीला लोक 'ऑल इंदिरा रेडिओ' म्हणायचे. त्या अनुभवातूनच जनता सरकारने वर्गीस समिती नेमली आणि तिने १९७८ मध्ये नभोवाणी-दूरदर्शन सरकारच्या हातून काढून स्वायत्त न्यासाकडे द्यावं असं सुचवलं. दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारती या महामंडळाचा कायदा झाला १९९० मध्ये, अंमलात आला १९९७ मध्ये. सात वर्षांत कोणत्याही सरकारला घाई वाटली नाही, यातच बरंच काही आलं.

कायद्याचं कलम १२ वाचण्यासारखं आहे. सार्वजनिक हिताच्या प्रत्येक विषयावर मोकळेपणाने, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याचा नागरिकाचा हक्क जपणं, आणि परस्परविरोधी मतांसह समतोल माहिती देणं, स्वतःचं मत वा विचारसरणी न लादता, हे प्रसार भारतीचं उद्दिष्ट म्हणून तिथे लिहिलं आहे. म्हणजे समतोल ही वाहिनीची मेहेरबानी नाही, ते तिचं कायद्याने ठरलेलं काम आहे. तक्रार लिहिताना हेच कलम हाताशी ठेवा.

पण त्याच कायद्यात कलम २३ आहे. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार प्रसार भारतीला लेखी निर्देश देऊ शकतं. प्रत्यक्षात त्याची गरज क्वचितच पडते, कारण लगाम दुसरीकडे आहे. पगार आणि चालू खर्चाचा मोठा भाग केंद्राच्या अनुदानातून येतो. आणि आमच्या मते याहून महत्त्वाचं म्हणजे वृत्त विभागातली वरिष्ठ पदं मुख्यत्वे भारतीय माहिती सेवेतले अधिकारी सांभाळतात. हेच अधिकारी बदलीने पत्र सूचना कार्यालयात जातात, तिथे त्यांचं काम सरकारी निर्णयांना प्रसिद्धी देणं हे असतं. उद्या पुन्हा वृत्त विभागात. माणूस कितीही सचोटीचा असो, काल ज्या खात्याची प्रसिद्धी केली त्याच खात्याला आज अडचणीचा प्रश्न विचारणारी बातमी लावणं त्याला जड जाणारच. यात कोणाचा फोन यावा लागत नाही.

हे कोणा एका पक्षापुरतं नाही. एप्रिल २०१४ मध्ये, केंद्रात काँग्रेस आघाडीचं सरकार असताना, नरेंद्र मोदींच्या दूरदर्शनवरल्या मुलाखतीतला काही भाग गाळल्यावरून वाद झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, सरकार बदलल्यावर, सरसंघचालकांचं विजयादशमीचं भाषण दूरदर्शनने थेट दाखवलं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण, मजकूर बदलल्याशिवाय प्रसारित होणार नाही, असं त्यांना कळवलं गेलं. खुर्चीवर कोण, त्याप्रमाणे कल फिरतो.

मग अलीकडे काय बदललं? २०२४ मध्ये डीडी न्यूजचं बोधचिन्ह लालऐवजी भगव्या रंगाचं झालं, त्यावर खूप बोललं गेलं. आम्हाला तो मुद्दा दुय्यम वाटतो. खरा बदल कच्च्या मालात आहे. २०२० मध्ये प्रसार भारतीने पीटीआय आणि यूएनआय या वृत्तसंस्थांची वर्गणी थांबवण्याचा निर्णय घेतला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये संघपरिवाराशी जवळीक असलेल्या हिंदुस्थान समाचार या संस्थेशी करार केला. बातमीपत्राच्या टेबलावर माणसं थोडी असतात. प्रत्येक तालुक्यात स्वतःचा वार्ताहर नसतो. जिल्ह्यागणिक एखादा अंशकालीन. बाकी मजकूर वृत्तसंस्थांकडून आणि प्रसिद्धिपत्रकांतून येतो. येणारे झरे कमी झाले किंवा एकाच डोंगरातले उरले, की टेबलावरच्या माणसाने काही न करताही बातमीपत्र एकीकडे झुकतं.

प्रसिद्धिपत्रकांचं तर विचारूच नका. ठाण्याचं जिल्हा माहिती कार्यालय, नवी मुंबई महापालिकेचा जनसंपर्क विभाग, सिडको, एमएमआरडीए या सगळ्यांकडून रोज मराठीत टंकलेला, फोटोसकट तयार मजकूर येतो. विमानतळामुळे उठलेल्या गावांतले प्रकल्पग्रस्त किंवा घोडबंदर रस्त्यावर तासन्‌तास अडकणारे रहिवासी यांच्याकडे जनसंपर्क अधिकारी नसतो. त्यांची बातमी मिळवायला कोणीतरी तिथे जावं लागतं, दोन फोन करावे लागतात, खातरजमा करावी लागते. संध्याकाळी सहाला टेबलावर बसलेला माणूस काय उचलेल हे सांगायला नको. म्हणून आमचं मत असं की तुमचा समज पोकळ नाही. कल जुना आहे, तो कमी करण्याची व्यवस्था कधी नीट उभीच राहिली नाही, आणि गेल्या काही वर्षांत येणारा मजकूर अरुंद झाल्याने तो वाढायला वाव मिळाला. पण सह्याद्रीवर तो नेमका किती, हे आमच्या शब्दावर मानू नका. तुमच्या केंद्रात मोजता येईल.

वही कशी घालायची

दोन साधनं पुरतात. सह्याद्रीची बातमीपत्रं यूट्यूबवर असतात, त्यामुळे थांबवून वेळ पाहता येते. आणि आकाशवाणीच्या वृत्त विभागाच्या संकेतस्थळावर प्रादेशिक बातमीपत्रं लिखित स्वरूपातही मिळतात. मोजायला लेखी मजकूर सर्वांत सोपा. शंभर पानी आडवी वही घ्या. प्रत्येक बातमीला एक ओळ, ओळीत सहा रकाने: क्रमांक, विषय, सेकंद (किंवा शब्द), पडद्यावर बोललेला माणूस, माहितीचा स्रोत, आणि दुसरी बाजू आली की नाही.

तीन आठवडे, एक दिवस आड. म्हणजे दहा-अकरा बातमीपत्रं होतात. याहून कमी घेतलं तर एखाद्या मोठ्या दौऱ्याने किंवा अतिवृष्टीने सगळं गणित बिघडतं. दिवस आधीच ठरवून वहीत लिहून ठेवा. "आज फारच झालं, आजचं मोजू" असं केलंत की राग आलेल्या दिवसांचाच हिशोब होतो, आणि या प्रकारच्या मोजणीत सर्वांत जास्त चूक इथेच होते. निवडणुकीच्या आचारसंहितेचा काळ टाळा. तेव्हा मान्यताप्राप्त पक्षांना निवडणूक आयोग दूरदर्शन-आकाशवाणीवर वेळ वाटून देतो, बातम्यांकडेही बारीक लक्ष असतं; तो काळ नेहमीसारखा नसतो. अधिवेशनाचा काळ घेतलात तर वेगळा टिपा, कारण तेव्हा विरोधी पक्ष आपोआप जास्त दिसतो.

मोजणी दोघांनी करायची, एकमेकांना न दाखवता. दीरांनी एक, नातीने एक. शेवटच्या रकान्यात दोघांचं कुठे जमलं नाही ते नंतर मिळवून पाहा. दहापैकी दोन ओळींवर मतभेद असेल तर चालेल. चार-पाचांवर झाला, तर "दुसरी बाजू" म्हणजे काय हे आधी ठरलेलं नाही. सोपी व्याख्या सुचवतो: निर्णय घेणाऱ्याखेरीज त्या निर्णयाचा परिणाम होणाऱ्या किंवा त्याला विरोध करणाऱ्या माणसाचं म्हणणं किमान एका पूर्ण वाक्यात आलं, तर दुसरी बाजू आली. "विरोधकांनी टीका केली" एवढ्यावर ती आली असं धरायचं नाही. टीका काय केली ते सांगितलं पाहिजे.

एक सावधगिरी. मंत्री किती सेकंद दिसले एवढंच मोजून थांबू नका. निर्णय सरकार घेतं, आदेश प्रशासन काढतं, म्हणून कोणत्याही देशात कोणत्याही वाहिनीवर सत्ताधारी जास्त दिसतात. तेवढ्यावरून पक्षपात सिद्ध होत नाही. वादाच्या बातम्या वेगळ्या काढा: भूसंपादन, भाडेवाढ, पाणीकपात, भरती, दुर्घटना, चौकशी. ध्वजवंदन, पुरस्कार, हवामान, क्रीडा यांत दुसरी बाजू नसतेच, ती या हिशोबात धरू नका. वादाच्या वीसेक ओळी जमल्या की त्यांतल्या कितींत दुसरी बाजू आली ते पाहा. निम्म्याहून जास्त असेल तर तक्रारीला जागा नाही. पाचाहून कमी असेल तर आमच्या अनुभवी अंदाजाने बातमीपत्र एकतर्फी आहे. मधलं असेल, तर क्रम पाहा: दुसरी बाजू आली ती पहिल्या पाच मिनिटांत की खेळांच्या आधी, शेवटी?

एक वाक्य जवळून

हे वाक्य आम्ही नमुन्यासाठी रचलं आहे, पण असं वाक्य तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल: "घोडबंदर रस्त्याच्या दुरुस्तीचं काम युद्धपातळीवर सुरू असून नागरिकांना लवकरच दिलासा मिळणार आहे."

यात खोटं काही नाही. पण तपासता येईल असंही काही नाही. किती मीटरचं काम, कोणत्या ठिकाणापासून कुठपर्यंत, कोणत्या तारखेपर्यंत, आधी दिलेली मुदत कोणती होती, ती का हुकली? "युद्धपातळीवर" आणि "लवकरच" हे शब्द जिथे येतात तिथे बहुधा एक आकडा आणि एक तारीख गाळलेली असते. वाक्याचा शेवट बघा. मूळ प्रसिद्धिपत्रकात "...अशी माहिती अमुक अधिकाऱ्यांनी दिली" असतं. ते शेपूट कापलं की अधिकाऱ्याचं म्हणणं वाहिनीचं म्हणणं होऊन बसतं. वहीतला "स्रोत" हा रकाना त्यासाठीच आहे. तो रिकामा राहिला तर लाल शाईने खूण करा.

क्रियापदंही टिपा. सरकारी बाजू "माहिती देते", "स्पष्ट करते", "ग्वाही देते". दुसरी बाजू "आरोप करते", "दावा करते". दोघांनीही पुरावा दिलेला नसताना एकाला "स्पष्ट केलं" आणि दुसऱ्याला "आरोप केला" असं वापरलं जात असेल तर ऐकणाऱ्याच्या मनात निकाल आधीच लागतो. नातीला सांगा, दहा बातमीपत्रांचा लेखी मजकूर घेऊन ही चार-पाच क्रियापदं कोणाच्या नावापुढे किती वेळा आली एवढंच मोज. तासाभराचं काम आहे.

"करण्यात आलं", "होऊ शकलं नाही" या वाक्यरचनेकडेही लक्ष द्या. "गाड्या रद्द करण्यात आल्या", "निधी उपलब्ध होऊ शकला नाही". कोणी केलं, कोणी दिला नाही? श्रेय घ्यायच्या बातमीत कर्ता नावासकट येतो, दोष असलेल्या बातमीत कर्ता गायब होतो. हे एकदा लक्षात आलं की कान आपोआप तयार होतो.

प्रसिद्धिपत्रक ओळखायची पद्धत त्याहून सोपी. बातमीतलं एक लांब वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या. राज्य सरकारची प्रसिद्धिपत्रकं माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या 'महासंवाद' या संकेतस्थळावर असतात, केंद्राची पत्र सूचना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मराठीतही मिळतात. तिथे त्याच दिवशीचा मजकूर शोधा आणि दोन्ही शेजारी ठेवून समान शब्दांखाली रेघ ओढा. पाचपैकी चार शब्द जुळले आणि वाहिनीने स्वतः घातलेलं एकही वाक्य सापडलं नाही, तर त्या ओळीपुढे "प्रप" लिहा. पंधरापैकी किती ओळी "प्रप" निघतात, हाच तुमच्या नातीच्या आरोपाचा थेट पुरावा किंवा खंडन. यात दूरदर्शनलाच धरू नका. हीच परीक्षा एखाद्या दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबईच्या पानाला लावून पाहा. तिथेही बरंच "प्रप" निघेल.

जे आलंच नाही ते

ही सर्वांत अवघड बाजू, आणि इथेच बहुतेकांची मोजणी थांबते. नसलेली बातमी बातमीपत्र पाहून दिसत नाही, तिची यादी बाहेरून आणावी लागते. दर आठवड्याला दोन वेगळ्या विचारांच्या दैनिकांतून सहा घटना निवडा: दोन केंद्राला अडचणीच्या, दोन राज्याला किंवा महापालिकेला अडचणीच्या, दोन विरोधी पक्षाला अडचणीच्या. मग त्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीपत्रात त्या शोधा. आल्या का, कितव्या क्रमांकावर, किती सेकंद. विरोधकांना अडचणीची बातमी त्याच संध्याकाळी आणि सत्ताधाऱ्यांना अडचणीची दोन दिवसांनी "मंत्र्यांचं स्पष्टीकरण" म्हणून, असं वारंवार दिसलं तर कल स्पष्ट आहे. स्पष्टीकरण आधी ऐकू येतं आणि मूळ घटना कधी सांगितलीच नव्हती, ही तर हमखास ओळखता येणारी खूण.

जुन्या घटनाही तपासता येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी पडून मृत्यू झाले. या दिवसांची बातमीपत्रं आणि पुढच्या आठवड्याभराची काढून बघा. पहिल्या दिवशीची बातमी सगळेच देतात. दुर्घटना लपत नाही. पाहायचं ते चौथ्या-पाचव्या दिवशी: नातेवाईक, प्रवासी संघटना, रुग्णालयातले कर्मचारी यांपैकी कोणी बोललं का, चौकशी समितीचा पुढे मागोवा घेतला का, की मदतीच्या घोषणेवर विषय संपला. मागोवा न घेणं हा सार्वजनिक वाहिनीचा आम्हाला सर्वांत जास्त सलणारा दोष आहे. खासगी वाहिन्यांना प्रेक्षकसंख्येची चिंता असते, त्या विषय सोडतात. जिला ती चिंता नसावी म्हणून लोकांच्या पैशाने उभी केली, तिने तरी चिकाटी दाखवायला हवी.

इथे एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते. आपल्या देशात खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. द्यायच्या तर आकाशवाणीच्याच, बदल न करता. म्हणजे ठाणे-नवी मुंबईच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये कानाला रेडिओ लावलेल्या माणसाला बातम्यांसाठी दुसरा पर्यायच नाही. टीव्हीवर तुम्ही वाहिनी बदलू शकता, रेडिओवर नाही. म्हणून आकाशवाणीच्या कलाचं गांभीर्य जास्त.

परदेशातल्या सार्वजनिक वाहिन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असंही नाही. बीबीसीने ट्रम्प यांच्या ६ जानेवारी २०२१ च्या भाषणाचे तुकडे चुकीच्या पद्धतीने जोडले, त्यावरून नोव्हेंबर २०२५ मध्ये तिचे महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी राजीनामे दिले. चूक गंभीर होती. पण तिथे तिच्याच संपादकीय समितीच्या माजी स्वतंत्र सल्लागाराने लेखी आक्षेप घेतला, तो बाहेर आला आणि वरच्या माणसांना उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडच्या कायद्यातही तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद आणि संसदेची समिती यांची तरतूद आहे. दोन्ही कागदावरच राहिल्या. चूक झाल्यावर कोण, कोणाला जाब विचारतं, यातला फरक आम्हाला बोधचिन्हाच्या रंगापेक्षा फार मोठा वाटतो.

केंद्रात काय लावायचं

सह्याद्री बंद करू नका. अतिवृष्टीचा इशारा, शाळांना सुट्टी, मोरबे आणि बारवी धरणांचा साठा, पाणीकपातीचं वेळापत्रक, परीक्षांचे निकाल, नव्या शासननिर्णयातल्या अटी, यांसाठी ती वाहिनी खासगी वाहिन्यांपेक्षा भरवशाची आहे. हवामानाच्या लाल-नारिंगी इशाऱ्यावर खासगी वाहिनीने चढवलेलं भयाण संगीत ऐकून रक्तदाब वाढवण्याची गरज नाही. मात्र वादाच्या विषयावर ती एकटी पुरणार नाही. सातला बातमीपत्र, मग एका दैनिकाचं ठाणे-नवी मुंबई पान मोठ्याने वाचायचं, आणि आठवड्यातून एकदा एकाच विषयाचा मूळ कागद. मूळ कागद म्हणजे शासननिर्णय, महापालिकेचा ठराव, उच्च न्यायालयाचा आदेश. विमानतळ प्रकल्पग्रस्तांना जमिनीच्या बदल्यात विकसित भूखंड देणाऱ्या साडेबावीस टक्के योजनेवर केंद्रात दोन तास वाद घालण्यापेक्षा तिचा शासननिर्णय अर्धा तास वाचला तर बोलणंच बदलतं. शिक्षिका म्हणून हे वाचन तुम्ही घ्यावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

चर्चेच्या खासगी कार्यक्रमांना बातम्या समजू नका. चार खिडक्यांतल्या चार भांडणांत नवी माहिती किती आली ते एकदा लिहून पाहा. दीरांचा त्यांच्यावरचा राग रास्त आहे.

तक्रार कशी, कुठे

वर्तमानपत्रांवर देखरेख करणारी प्रेस कौन्सिल टीव्हीसाठी नाही, तिथे पाठवू नका. पहिली तक्रार संबंधित वृत्त विभागाला, म्हणजे मुंबई दूरदर्शन केंद्राच्या किंवा आकाशवाणी मुंबईच्या प्रादेशिक वृत्त विभागाच्या प्रमुखांना, लेखी. शक्यतो प्रसारणानंतर आठवड्याभरात. पंधरा दिवसांत काही कळलं नाही तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर माहिती व प्रसारण मंत्रालय निवडून प्रसार भारतीच्या नावे नोंदवा. तक्रार क्रमांक मिळतो. ती निकाली काढायची मुदत २०२४ पासून २१ दिवसांची केली आहे.

"तुमच्या बातम्या पक्षपाती आहेत" असं लिहिलं तर "सूचनेची नोंद घेतली" असं छापील उत्तर येतं. लिहायचं ते असं: "अमुक तारखेच्या सायंकाळी सातच्या बातमीपत्रातली तिसरी बातमी. विषय: अमुक रस्त्याचं भूसंपादन. कालावधी ९५ सेकंद. मंत्री आणि प्राधिकरणाचे अधिकारी यांचं म्हणणं दिलं, त्याच दिवशी निवेदन दिलेल्या जमीनमालकांचं म्हणणं दिलं नाही. मजकूर प्रसिद्धिपत्रकाशी शब्दशः जुळतो, तरी स्रोत सांगितला नाही. प्रसार भारती कायद्याच्या कलम १२ मध्ये सांगितलेल्या परस्परविरोधी मतांसह समतोल माहितीच्या उद्दिष्टाशी हे विसंगत आहे. पुढील बातमीपत्रात दुसरी बाजू द्यावी आणि केलेली कार्यवाही कळवावी." एका तक्रारीत एकच बातमी. वहीच्या त्या पानाचा फोटो आणि प्रसिद्धिपत्रकाची प्रत जोडा. आणि मागणी अशी करा की जी पूर्ण झाली की नाही हे तुम्हाला पडताळता येईल.

माहितीचा अधिकार वापरायचा तर "ही बातमी का दिली नाही" असं विचारू नका. "का" या प्रश्नाला माहिती अधिकारी बांधील नसतो, तो असलेला कागद देतो. कागद मागा: अमुक तारखांच्या बातमीपत्रांचा क्रमतक्ता आणि वाचलेला मजकूर, वृत्तसंस्थांशी केलेल्या करारांच्या प्रती, मागच्या वर्षी बातम्यांबद्दल आलेल्या तक्रारींची संख्या आणि त्यांवरची कार्यवाही. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर शुल्क १० रुपये, मजकुराची मर्यादा ३००० अक्षरांची. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं किंवा अपुरं आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील, त्याला शुल्क नाही. तिथेही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तारखा कमी मागा, दोन-तीनच. महिन्याभराच्या मागितल्या तर "संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" हे उत्तर ठरलेलं.

ऐकतं का कोणी, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: एका तक्रारीने बातमी बदलत नाही. पण तारीख-सेकंदांसकट आलेल्या तक्रारीला कोणाला तरी बातमीपत्र पुन्हा काढून पाहून उत्तर लिहावं लागतं, आणि पुढच्या वेळी तोच माणूस टेबलावर असतो. केंद्रातल्या चार-पाच जणांनी स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या बातम्यांबद्दल लिहिलं तर परिणाम जास्त. एकच मजकूर पाच नावांनी पाठवू नका, तो एकच समजून निकाली काढतात. पोर्टलवरचं उत्तर मोघम आलं तर "असमाधानी" असा अभिप्राय देऊन ३० दिवसांच्या आत तिथेच अपील करा. त्यात पहिल्या तक्रारीतल्या कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळालं नाही तेवढंच लिहा, नवा मुद्दा घालू नका.